मागच्या खोलीतली बदलीवाली

१

सून दुपारी कामावरून आली, की तिचा चहा उकळेपर्यंत मी घरात एक फेरी मारायची. दारापासून गच्चीच्या जिन्यापर्यंत. शेजारणीला वाटायचं, म्हातारी पाय मोकळे करतेय. मी कादंबरी बघून यायची, सगळी जागच्या जागी आहे ना म्हणून.

मला लिहायला येत नाही. सहीपुरती चार अक्षरं गिरवते, बसवरचा आकडा ओळखते. बाकी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून जे राखायचं ते मी घरात ठेवते. पहिलं प्रकरण दारात, चपलांपाशी. दुसरं ओट्याखाली, डब्यांच्या मागे. मग न्हाणीघर, मग कपाटाची बाजू, मग जिन्याचं वळण. ज्या जागी ठेवलं तिथं जाऊन उभं राहिलं, की जसंच्या तसं तोंडात येतं. सांगताना श्वास कुठे घेतला होता, तेसुद्धा.

सून टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसायची आणि मी त्या त्या जागेवरून मोठ्यानं सांगायची.

"आई, हळू. माझी बोटं म्हणजे काय आगगाडी आहे?"

"मग तू स्टेशनं घे. मी थांबते."

एकदा ती वैतागून म्हणाली, "प्रेमाचं प्रकरण तुम्ही न्हाणीघरात का ठेवलंत हो? आवाज नुसता घुमतोय."

"घरात तेवढ्याच दाराला धड कडी आहे म्हणून."

हसून हसून तिचा चहा सांडला. असे दिवस होते ते.

आज हे सगळं मी अंगणातल्या बाकावर बसून सुनेच्या फोनमध्ये बोलतेय. घरात ठेवणार नाही. घरात आता जागा नाही आणि भरवसाही नाही.

२

ही रीत ताईची. आम्ही दोघी बहिणी काज-बटण करायचो. शिंप्याकडून शिवलेले शर्ट गठ्ठ्यानं यायचे. ती काजं करायची, मी बटणं लावायची. हात गुंतलेले, तोंड मोकळं. ताई गोष्ट सांगायला घ्यायची आणि ती अर्ध्यावर आली की सुई खोचून म्हणायची, "ही आता कपाटावर ठेवली बघ. उद्या तिथून काढायची." दुसऱ्या दिवशी मी कपाटाकडे मान वर करून बघितलं की गोष्ट तिथंच असायची. एवढं मला अजून लख्ख आठवतं, कारण ते माहेरच्या घरातलं आहे.

पुढे माझं लग्न झालं, मुलगा झाला, त्याचे वडील गेले. ताईनं स्वतःचा संसार केला नाही, ती माझ्याकडेच राहिली. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, शेवटपर्यंत. तिचा फोटो एकही नाही. कॅमेरा निघाला की ती काहीतरी काम काढून आत जायची, असं मुलगा सांगतो. म्हणजे ताई गेल्यावर ती उरली होती दोनच ठिकाणी. त्या खोलीत आणि माझ्या डोक्यात. आणि माझ्या बाबतीत ही दोन ठिकाणं वेगळी नव्हती.

ती गेल्यावर गोष्ट सांगायची कोणाला? तेव्हा सून म्हणाली, "मला सांगा, मी टाइप करते. बघू किती होतंय." होता होता कादंबरी व्हायला लागली.

कादंबरीत एक बाई होती. तिला सगळे बदलीवाली म्हणायचे. कोणाच्या घरची कामवाली सुट्टीवर गेली की तेवढ्यापुरती ही जायची. तिथलंच फडकं, तिथलीच खुर्ची. मालकीण चुकून जुन्या बाईच्या नावानं हाक मारायची आणि ही ओ द्यायची. चुकलंय म्हणून सांगायची नाही. चार दिवसांनी दुसरं घर, दुसरं नाव.

एका रविवारी सुनेनं तेवढी पानं मुलाला वाचून दाखवली. तो पुस्तकांतला किडा. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे गं आई. पण राग मानू नकोस हं. गोष्ट वेगळी, कादंबरी वेगळी. तुझी ही बदलीवाली नुसती कामं करते. तिच्या आत कोणी राहतच नाही."

"अहो, तुम्ही स्वतः काय लिहिलंत आजवर?" सून उसळली. "वाण्याची यादी?"

"मी आपलं मत सांगितलं."

"मत म्हणे! ऐकायला बोलावलं होतं, पंच म्हणून नाही."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी फेरी मारायला उठले नाही.

३

बदलीवाली एका नव्या घराच्या दारात उभी होती. बेल वाजवून झाली होती. पुढे दार उघडायचं होतं, आणि ते माझ्याच्यानं उघडेना.

जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहायची, तोंड उघडायची, आणि मुलाचं वाक्य बाहेर यायचं. तिच्या आत कोणी राहत नाही. खरंच होतं ते. मला माणसाचं करणं सांगता येतं, आतलं कुठून आणू? सहीपुरत्या बाईनं कसली कादंबरी करायची? अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी आपली कपड्यांच्या घड्या घालत बसायला लागले. घातलेल्या मोडून परत घालायची.

"आई, रोज एक वाक्य तरी," सून म्हणायची.

"वाक्य काय औषध आहे, सकाळ-संध्याकाळ घ्यायला?"

"मग अडलंय कुठे, ते तरी सांगा."

"जागा संपली," मी म्हटलं. आपली काहीतरी सबब. अगदीच खोटी नव्हती. जिना भरला होता, गच्चीवर वारा, तिथं काही टिकत नाही.

तिनं घरभर नजर फिरवली. "मागची खोली रिकामीच आहे की."

तिचं काही चुकलं नाही. बघणाऱ्याला तिथं एक पलंग, एक टेबल आणि खिडकी दिसायची. पण ती खोली काठोकाठ भरलेली होती. दारामागे आमचं एक भांडण होतं, मोठं. पलंगाच्या उशाशी ताईचं दुखणं आणि त्यात ती बोललेली एक गोष्ट. खिडकीत तिचं हसणं, आणि ती मला ज्या नावानं हाक मारायची ते लाडाचं नाव. होतं एवढं सांगता येतं मला. डबे आठवतात, आतलं नाही.

दोन दिवस मी त्या दारावरून नुसती येत-जात राहिले. तिसऱ्या दिवशी आत गेले आणि म्हटलं, "ताई, कडेकडेनं ठेवते गं. तुला अडचण नाही होणार."

खिडकीच्या कठड्यावर प्रकरण टेकवायला घेतलं, आणि बदलीवालीसमोरचं ते दार उघडलं.

काय सांगू! इतकं भराभरा कधी आलं नव्हतं. ती आत आली, काम सुरू करायच्या आधी तिनं हात पुसले, एकेक बोट सुटं करून, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. कमरेची छोटी कात्री काढली. खिडकीशी बसली आणि बाहेर बघत स्वतःशीच बोलायला लागली. काय काय बोलली! कोणाचा राग होता तिला, कशाची भीती होती, रात्री झोप का लागत नव्हती. मी सांगत होते आणि मलाच ऐकायला मिळत होतं. सून टाइप करता करता थांबली.

"आई, हे कुठून आलं?"

"आलं," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता, की कुठून आलं ते बघायचं राहूनच गेलं.

४

पहिली गोष्ट चुकली ती जेवायला बसताना.

सून हात पुसत होती. एकेक बोट सुटं करून. मी बघतेय हे पाहून हसली. "मावशींची सवय लागली बघा मला."

"कोणाची?"

"मावशींची. त्या नाही का कामाला बसायच्या आधी अशी बोटं पुसायच्या? करंगळीपासून."

"अगं, ती ताई नव्हे. ती आपली बदलीवाली. परवाच तर सांगितलं तुला."

ती गोंधळली. "नाही हो आई. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघितलंय. मला वाटलं, तुम्ही मावशींवरूनच घेतलंत."

मी मनाची समजूत घातली. सकाळपासून कचेरी, दुपारी माझं टाइप, पोरीच्या डोक्यात गुंता होणारच. आपल्यालाही शर्ट मोजताना व्हायचाच की. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर मी ताईचे हात डोळ्यांपुढे आणायला गेले. आले. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पुसत होते.

मग आवाज. दुपारी घरात मी एकटी असताना मागच्या खोलीतून आवाज यायचा. मोठा नाही. कच. थोडा वेळ काही नाही, मग परत कच. धागा कापल्याचा. खिडकीची कडी असेल म्हणून मी तिला दोरा बांधला. दोरा होता तसाच राहिला आणि आवाजही.

पण प्रकरणं येत होती. एक संपलं की दुसरं तयार. कठडा भरला, मग टेबलावर ठेवलं, मग पलंगाच्या कडेला. कडेकडेनंच.

५

मुलगा त्या रविवारनंतर कादंबरीच्या वाटेला गेला नव्हता. नवी पानं त्यानं वाचली नव्हती, की ऐकलीही नव्हती. म्हणून मी त्यालाच गाठलं. तो बूट पुसत होता.

"काय रे, मावशी धागा कशानं तोडायची?"

"कात्रीनं. कमरेला असायची ना तिची, छोटी."

"आठवतंय तुला?"

"न आठवायला काय झालं? लहानपणी मी ती पळवायचो. असं काय विचारतेस?"

"काही नाही. पुस तू बूट."

कानावर पडलं असेल, मी म्हटलं. भिंती पातळ आहेत, मी ओरडून सांगते. पण मनाला एकदा कीड लागली की लागली. दुसऱ्या दिवशी उठून मी शिंप्याकडे गेले. म्हातारा झालाय, दुकान मुलगा बघतो, तो आपला दाराशी खुर्ची टाकून बसतो. आमच्या घरात त्यानं उभ्या जन्मात पाय ठेवलेला नाही. आम्हीच जायचो.

"कात्री?" तो म्हणाला. "तुमच्या ताईनं? अहो बाई, तिच्याजवळ कात्री बघितली असेल तर मी मिशी उतरवीन. दातानं तोडायची! टक करून. पुढच्या दाताला खाच पडली होती तिच्या. मी किती ओरडलो, अगं दात जातील. तर म्हणाली, दात माझे, धागा तुमचा, तुम्ही धाग्याची काळजी करा."

तो खदखदा हसला. मीही हसले, लोक हसतात म्हणून आपण हसतो तशी. मला त्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. कोणाच्या तरी मोठ्या बहिणीबद्दल ऐकावं, तसं वाटलं. चांगली होती म्हणायची ती बाई.

परत येताना बसमध्ये मी ताई मला कोणत्या नावानं हाक मारायची ते आठवून पाहिलं. घर येईपर्यंत आठवत राहिले. बदलीवाली कोणालाच नावानं हाक मारत नाही. तेवढं मात्र आठवलं.

६

गोष्ट हलवायची रीत आहे. ज्या जागी ठेवली तिथं उभं राहून मनातल्या मनात पहिल्यापासून घ्यायची, तोंड मिटून दुसऱ्या जागी न्यायची आणि तिथं गेल्यावर बोलायचं. मध्ये शब्द सांडला तर ती परत पहिल्या जागी जाते. मी ठरवलं, सगळी प्रकरणं उचलून गच्चीवर नेऊन ठेवायची. वाऱ्यानं गेली तर गेली. सून रागवेल, रागवू दे. तिच्या कॉम्प्युटरमधलं काय करायचं ते नंतर बघू. आधी खोली मोकळी करायची.

सून यायला अवकाश होता. ऊन खिडकीतून सरळ आत आलं होतं. मी मागच्या खोलीचं दार ढकललं.

खिडकीशी कोणीतरी बसलं होतं.

पाठीमागे उजेड, त्यामुळे तोंड दिसेना. मांडीवर शर्ट होता. आमच्या घरात काज-बटणाचा शर्ट येणं बंद होऊन किती वर्षं झाली! हात वर गेला होता, धागा ताणून धरलेला, तोंडापासून वीतभर अंतरावर. आणि तिथंच थांबला होता.

मी भ्यायले नाही. खरंच नाही. माझ्या मनात एकच. तोड. दातानं तोड गं. एकदा टक वाजू दे, म्हणजे मला सगळं परत येईल.

हात हलेना. जणू पुढे कसं करायचं ते तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"ताई," मी हाक मारली.

मान वळली. तोंड मला तेव्हाही दिसलं नाही. पण वळणं दिसलं. बहीण बहिणीकडे बघते तसं नव्हतं ते. कामाला नव्यानं आलेली बाई मालकिणीकडे बघते, तसं होतं. अदबीनं. पुढचं काय, म्हणून.

मला एवढंच म्हणायचं होतं, दातानं. एक शब्द. मी तोंड उघडलं.

आणि त्याच क्षणी मला शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सुचलं. कितीतरी दिवस मी ते शोधत होते. असं वाक्य माणसाला जन्मात एकदा सुचतं. माझ्या मुलानं म्हटलं होतं ना, आत कोणी राहत नाही? त्या वाक्यात राहत होतं. सोडलं असतं तर गेलं असतं, मला माझं मन ठाऊक आहे.

मी ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं, सबंध, न चुकता.

कच.

मागे बाहेरच्या दाराची किल्ली फिरली. सून हाक मारत आली, "आई, कोणाशी बोलताय?"

"ये लवकर," मी म्हटलं. "शेवटचं प्रकरण आलंय."

त्या खोलीत मी तेव्हा पुन्हा खिडकीकडे बघितलं नाही. सून आत येऊन टेबलाशी बसली आणि मी दारातच उभी राहून सांगत गेले.

७

कादंबरी पुरी झाली. मुलानं ती एका बैठकीत वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "आई, मी गाढव आहे. काय बाई उभी केलीस! जिवंत आहे गं ती."

"सांगत नव्हते?" सून म्हणाली. "पंचांनी आता माफी मागा."

त्यानं वाकून माझे हात धरले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी कादंबरी करू शकते की नाही, या प्रश्नानं मला जे पोखरलं होतं, ते गेलं. पुन्हा कधी आलं नाही.

छापणाराही मिळाला. सगळं ठरल्यावर एका दुपारी सून म्हणाली, "आई, पहिलं पान राहिलंय. कोणाला अर्पण करायची?"

"ताईला. आणखी कोणाला?"

"मग मावशींबद्दल दोन-चार ओळी सांगा. ज्यांनी त्यांना बघितलं नाही, त्यांना कळाव्यात अशा."

आम्ही मागच्या खोलीतच होतो. मुलगा दाराला टेकून उभा होता. मी खोलीच्या मधोमध गेले आणि ताईला शोधायला लागले. दारामागे बघितलं, उशाशी बघितलं. शिंपी काय म्हणाला होता, तेही आणून बघितलं. त्याच्या बोलण्यात एक खाच पडलेला दात होता, पण त्या दाताभोवती तोंड नव्हतं.

मग मी बोलायला लागले. आपोआप आलं. काम सुरू करायच्या आधी ती एकेक बोट पुसायची. दुसऱ्याच्या खुर्चीत बसली तरी ती खुर्ची तिची वाटायची. कोणी चुकीच्या नावानं हाक मारली तर ओ द्यायची, दुरुस्त करायची नाही. कुठेच जास्त दिवस राहायचं नाही असं ठरवून आलेली बाई, एका घरात मात्र राहून गेली.

सुनेला टाइप करता येईना. ती डोळे पुसत होती. "अगदी अशाच होत्या हो," म्हणाली.

"अगदी," मुलगा म्हणाला. त्यानंही चष्मा काढून डोळे टिपले. "मावशी डोळ्यांपुढे उभी राहिली."

मला ओरडून सांगायचं होतं, खोडा, खोडा ते, तुम्ही जिच्यासाठी रडताय ती मी केलेली आहे. पण खोडलं, तर त्या जागी काय घालायचं? दोघंही माझ्याकडे बघत होते. त्यांना मावशी मिळाली होती. त्यांच्याकडची पहिली कुठे गेली, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ते कळणारी या घरात मी एकटीच, आणि मला तरी काय कळत होतं? काहीतरी होतं, एवढंच.

"आणखी काही घालू, आई?" सुनेनं विचारलं.

खिडकीशी कोणीतरी हातातलं काम थांबवलं होतं. सूनही थांबली होती, मुलगाही. सगळे माझ्याच शब्दाची वाट बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "एवढीच होती ती."